पाचवं कलम

आमच्या घरी जुळ्या मुली झाल्या त्या वर्षीची ही गोष्ट. साल एकोणीसशे एकोणऐंशी. तेव्हा मला सालं कळत नव्हती. पुढे मुलींच्या शाळेच्या दाखल्यावर ते छापून आलं, त्यावरून मी हिशेब लावला. मुली दिवाळीच्या आधी आठ दिवस झाल्या, आणि दिवाळी आटोपून चार दिवस झाले तशी मेजरीणबाई बेळगावहून एस.टी.नं मालवणात उतरली. हातात कापडाच्या लांब पिशवीत गळाची काठी, खांद्याला जाडजूड झोळी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट.

"झिलू, मुली झाल्या म्हणे," ती खळ्यात, म्हणजे दारापुढच्या अंगणात, येऊन म्हणाली. "दोन."

"होय बाई."

"म्हणजे यंदा तुझा हात चांगला आहे. उद्या पहाटे निघू."

तिचं नाव कुमुदिनीबाई शितोळे. नवरा फौजेत मेजर होता, तो वारून बरीच वर्षं झाली होती, म्हणून आमच्या वाडीत तिला मेजरीणबाई म्हणत. वय अठ्ठावन्न. अंगानं एवढीशी. समुद्रावर निघाली की नवऱ्याची जुनी पँट कमरेला दोरीनं आवळायची, वर सदरा, डोक्याला रुमाल. माझ्या बोटीवर ती चौथ्या वर्षी येत होती. पोटासाठी नाही, हौसेसाठी गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला. तेव्हा आमच्या किनाऱ्यावर असलं कोणी करत नव्हतं. बाया हसायच्या, बापये जास्त हसायचे. पण कुप्यासारखा दांडगा मासा लागला की ही बाई त्याच्याशी अर्धा अर्धा तास झुंजायची. हाताला फोड यायचे, ते फुटायचे, पण काठी कोणाच्या हातात द्यायची नाही. ते मी बघितलं होतं, म्हणून मी हसत नसे.

तिला हवा होता शिडाचा मासा. भाल्यासारखं तोंड, आणि पाठीवर माणसाच्या छातीएवढं निळं शीड. मनात आलं की उभं करतो, मनात आलं की मिटून ठेवतो. आमच्या जाळ्यात तो चुकूनमाकून यायचा आणि जाळं फाडून जायचा. काठीनं तो कोणी धरलेला आम्ही ऐकला नव्हता.

त्या संध्याकाळी खळ्यात बसून तिनं झोळीतून एक कागद काढला. मुंबईच्या कुठल्याशा गरवणाऱ्यांच्या मंडळाचा. कागद इंग्रजीत होता.

"यंदा मासा मिळाला तर हा भरून पाठवायचा," ती म्हणाली. "त्यांच्या वहीत नाव लागतं. पण बोटवाल्याची साक्ष लागते. म्हणून तुला आधी वाचून दाखवते. नऊ कलमं आहेत."

तातूमामा तिथेच सुपारी कातरत बसला होता. तो माझ्या आईचा भाऊ. बोटीवर इंजिन तो बघायचा आणि बोलायचं कामही तोच करायचा.

"नऊ? आमच्या लग्नाक सातच फेरे होते," तो म्हणाला. "ह्या माश्याबरोबर लगीन लावतलंस काय गो बाय?"

"मामा, तुमचं लग्न टिकलं का नाही?"

"टिकला. तिका सवय झाली."

बाई हसली आणि वाचू लागली. एकेक कलम मराठीत सांगायची आणि माझ्याकडे बघायची. दोरी किती ताकदीची, गऱ्या किती, काठी केवढी. पाचव्या कलमापाशी ती थांबली.

"पाचवं. मासा लागल्यापासून दोरीच्या टोकाला गरीजवळ असते ती शेवटची तार बोटवाल्याच्या हाताला येईपर्यंत काठीला, चक्रीला किंवा दोरीला दुसऱ्या कोणाचाही हात लागता कामा नये. लागला तर मासा धरला जाणार नाही."

"नुसता लागला तरी?" मी विचारलं.

"नुसता लागला तरी."

तातूमामानं सुपारी तोंडात टाकली. "आणि बाय दर्यात पडली तर?"

"तर मला काढा. काठीला हात लावू नका."

पुढची चार कलमं तिनं वाचली. सहावं, काठी बोटीच्या कडेवर टेकवायची नाही. नववं, साक्षीदाराची सही किंवा अंगठा. मी सगळं ऐकून घेतलं. आम्हा न शिकलेल्या माणसांचं एक असतं, एकदा ऐकलेलं आम्ही विसरत नाही. विसरलं तर परत बघायला आमच्यापाशी कागद नसतो.

पहाटे निघालो. वारा पडलेला, पाणी तेल ओतल्यासारखं. निवतीच्या खडकावरचा दिवा मागे पडला आणि उजाडलं. पुढे पाण्याचा रंग बदलतो. हिरवट असतं ते गडद निळं होतं, आणि हात घातला तर कोमट लागतं. तिथे बाईनं बांगडा गरीला लावला आणि बोटीमागे सोडला. मी बोट हळू ठेवली. बांगडा पाण्यावर उड्या मारत मागून येत होता.

"बाई, एक विचारू?" मी म्हणालो. "एवढं नाव लागायला हवं ते कशाला? वाडीत सगळ्यांना माहीत आहे तुम्ही कसं गरवता."

ती दोरीवर नजर ठेवून होती.

"अंदमानात होतो आम्ही," मग ती म्हणाली. "यांची बदली तिथे होती. गरवायला मला यांनीच शिकवलं. एक दिवस माझ्या काठीला शिडाचा मासा लागला. पाऊण तास मी धरला होता. हात थरथरत होते, पण मासा दमत आला होता. शेवटी यांना बघवेना. काठी माझ्या हातून घेतली आणि पाच मिनिटांत मासा वर काढला. तिथल्या मेसच्या वहीत यांचं नाव लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या."

"मग तुम्ही काही म्हणालात नाही?"

"काय म्हणणार? माणूस वाईट नव्हता. त्यांना माझी दया आली." तिनं रुमाल नीट केला. "झिलू, दया आली की समोरच्याच्या हातातलं काढून घ्यायला फार सोपं जातं. नंतर ते गेले. मासा त्यांच्या नावावरच राहिला. मला एक माझा हवा आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझा."

तातूमामा इंजिनापाशी होता. त्याला ऐकू आलं असावं, कारण तो पुढे अर्धा तास काही बोलला नाही, आणि हे त्याच्या बाबतीत फार होतं.

नऊच्या सुमाराला पुढे पक्षी पाण्यावर झडप घालताना दिसले. कुप्यांचा थवा वर आला होता. पाणी उकळल्यासारखं दिसत होतं आणि त्यात पेडव्यांसारखे बारके मासे चांदीच्या चुऱ्यासारखे उडत होते. बाईनं तिथे दोन कुपे धरले. एक दहा किलोचा असेल. ते बोटीत धडधडत पडले आणि तातूमामाला बोलायला विषय मिळाला.

"बाय, आता परत जावया. बायल माझी म्हणतली, तीन म्हातारी माणसा एका कुप्याक भियेली."

"म्हातारी दोनच आहेत," बाई म्हणाली. "झिलूला मोजू नका, तो आत्ता बाप झालाय."

थव्याच्या कडेनं मी बोट फिरवली. तेवढ्यात बांगड्यामागे पाण्यात एक काळी सावली आली. काठीसारखी लांब. ती बांगड्याजवळ आली, मागे राहिली, पुन्हा आली. मग पाण्याबाहेर एक निळी फडकी उभी राहिली, आणि तिच्यावरचे काळे ठिपके मला मोजता आले असते. मी आयुष्यात दर्यावर बरंच बघितलं होतं. तसं नव्हतं बघितलं.

बाईनं ओढ घेतली नाही. दोरी सैल सोडली, माशाला बांगडा गिळू दिला. ओठ हलत होते, ती आकडे मोजत होती. मग चक्रीचा चाप लावला आणि काठी मागे खेचली.

मासा उभा उडाला. पूर्ण बाहेर, शेपटीवर, भाल्यासारखं तोंड डावी-उजवीकडे मारत. अंगावर जांभळे पट्टे पेटल्यासारखे झाले होते. पडला, पुन्हा उडाला. मी सात वेळा मोजला. चक्री एवढ्या जोरानं फिरत होती की तातूमामा इंजिन सोडून उभा राहिला.

"अरे देवा," तो हळूच म्हणाला. "ह्या गाडयेक बांधूक व्हया होता."

"झिलू, त्याच्या मागे," बाई म्हणाली. आवाज अगदी साधा, जणू चहा मागत होती.

काठीचं बूड कमरेच्या पट्ट्यावरच्या वाटीत टेकवून, एक पाय कडेला लावून ती उभी होती. मी बोट फिरवत राहिलो. मासा पळाला की आम्ही त्याच्या मागे, तो थांबला की बाई दोरी गुंडाळायची. काठी वर उचलायची, खाली आणताना चक्री फिरवायची. वर, खाली. पहिल्या अर्ध्या तासात तिनं जेवढी दोरी घेतली तेवढीच माशानं परत नेली. ऊन चढलं. तातूमामानं तिच्या डोक्यावर तांब्यानं पाणी ओतलं. तेवढं चालतं, तसं कलम नव्हतं.

"बाय, बस जरा," तो म्हणाला.

"तो बसलाय का?"

तासाभरानं मासा खाली गेला. सरळ खोल. हे वाईट. वर असतो तोवर तो स्वतःच दमतो. खाली गेला की माणसाला दमवतो. काठी कमानीसारखी वाकली होती आणि बाईच्या हाताच्या शिरा दोरीसारख्या उठल्या होत्या. मी तिच्या पाठीमागे दोन हातांवर, सुकाणू धरून. तातूमामा तिच्या उजवीकडे.

आता इथे मला आमच्याबद्दल सांगायला हवं. आम्ही रापणीवर वाढलेली माणसं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते दर्यात गोल सोडून येते आणि त्याच्या दोन दोऱ्या दोन रांगांनी वाळूवर उभं राहून ओढायच्या. दोरी जाताना दिसली की आमच्यातलं कोणी हात बांधून उभं राहत नाही. बाजाराला निघालेला माणूस पिशवी खाली ठेवून हात लावतो. ज्याचा हात दोरीला लागला त्याला वाटा, मग तो कोणी का असेना. चालायला लागायच्या आधी मी दोरीला हात लावायला शिकलो. हे डोक्यात नसतं, हातात असतं.

एक लाट आली. मोठी नव्हती, कुठल्याशा लांबच्या गलबताची असेल. बोट डावीकडे कलली. बाईचा बूट कुप्याच्या बुळबुळीत रक्तावर पडला आणि ती एका गुडघ्यावर आली. काठीचं बूड वाटीतून निसटलं, डावा हात सुटला. काठीचं टोक पाण्यात गेलं आणि सगळी काठी कडेवरून निघाली.

माझा हात गेला. चक्रीच्या वर, काठीवर. मी धरली. किती वेळ? दोन श्वास. तेवढ्यात बाईचा डावा हात परत आला, बूड वाटीत बसलं, ती उठून उभी राहिली. मी हात सोडला.

तिनं वळून बघितलं नाही. नजर पाण्यात होती.

मी तातूमामाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. मग तो इंजिनात वाकला आणि सैल नसलेला एक नट आवळू लागला.

मासा आणखी चाळीस मिनिटं झुंजला. हळूहळू वर आला, बोटीच्या बाजूला पडला, शीड अर्धं उघडं, एक मोठा काळा डोळा आमच्याकडे. शेवटची तार माझ्या हाताला आली. आता हात लावायची परवानगी होती. मी तार धरली तेव्हा माझा हात मला दुसऱ्या कोणाचा वाटला. तातूमामानं माशाला लोखंडी आकडी घातली आणि आम्ही दोघांनी त्याला आत घेतलं. जांभळे पट्टे आमच्या देखत विझत गेले आणि तो शिशासारखा करडा झाला. बाई त्याच्याजवळ बसली, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिली.

"झाला," ती म्हणाली. "मामा, झाला."

"झालो गो बाय. तुझोच झालो," तातूमामा म्हणाला, आणि मग पुढे गेला.

परतीच्या वाटेवर बाई मासा ओल्या गोणपाटानं झाकून त्याच्या शेजारी झोपली. लहान मुलीसारखी, हात उशाला घेऊन. तळहातावरची कातडी सोलली होती. तातूमामा माझ्यापाशी येऊन बसला.

"मी कायएक बघूक नाय," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"मामा, हात लागलो."

"मेल्या, तू हात लावलंस नसतंस तर काठी गेली असती, बाय गेली असती. अंगठो मार आणि गप रव. कोणाक कळूचा नाय."

"तिना सांगितला होता."

"तिना सांगितला होता पडलंय तर काढा म्हणान. काढलंस. आता गप." थोड्या वेळानं तो म्हणाला, "इतकी वर्सा वाट बघलीहा तिना. बघ तिच्याकडे."

मी बघितलं. म्हणून तर कठीण होतं.

चार वाजता बंदरात शिरलो. मासा खांद्यावरून उतरवला तेव्हा सगळी वाडी जमली. जे हसायचे तेच पुढे होते. मच्छीमार सोसायटीच्या काट्यावर त्याला टांगला. सदतीस किलो. कोणीतरी बाईला खुर्ची आणून दिली, कोणीतरी चहा. एक म्हातारी पुढे आली, बाईचे तळहात उलटे करून बघितले आणि खोबरेल आणायला गेली.

मग बाईनं झोळीतून कागद काढला. उलट्या टाकलेल्या होडीवर तो पसरला. सोसायटीतून शाईचा डबा आणला. माणसं भोवती होतीच.

"झिलू, ये. पुन्हा वाचते, मग अंगठा दे."

मी जाऊन उभा राहिलो. तातूमामा माझ्या मागे, इतका जवळ की त्याचा श्वास मानेला लागत होता.

ती वाचू लागली. दोरीची ताकद. गऱ्या. काठीची लांबी. आमिष. मी बोटांच्या पेरांवर मोजत होतो. चार झाली. आता येणार म्हणून मी पाय घट्ट रोवले.

"काठी बोटीच्या कडेवर टेकवलेली नाही," ती म्हणाली, आणि पुढे वाचत गेली. मासा जिवंत असताना दुसऱ्या कशानं मारलेला नाही. वजन अमुक लोकांसमोर झालं. साक्षीदाराची सही किंवा अंगठा.

मी पेरं बघितली. आठ.

पहिल्यांदा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ऐकलं नाही त्याला मी काय करणार? मला वाचता येत नव्हतं. कागदावर आठ आहेत की नऊ, हे मला कोणी विचारायला येणार नव्हतं. मी अंगठा शाईत बुडवला. बाईनं जागा दाखवली. काल प्रत्येक कलमाला माझ्याकडे बघायची, आत्ता तिची नजर कागदावरच होती.

"बाई," मी म्हणालो, "एक कलम राहिलं."

मागून तातूमामानं माझ्या सदऱ्याला हिसका दिला.

"राहिलं?" ती म्हणाली.

"पाचवं."

तिनं चष्मा काढला. पुसायला लागली, पदर नव्हता म्हणून सदऱ्याच्या टोकानं.

"तुला वाचता येतं कधीपासून?"

"येत नाही. काल ऐकलं होतं."

जमलेली माणसं गप्प झाली. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, पण काहीतरी चाललंय ते कळलं.

"मला वाटलं, तू मोजणार नाहीस," बाई म्हणाली. मग हळू, फक्त आम्हा दोघांना ऐकू जाईल असं बोलली. "काठी हलकी झाली होती. दोन श्वास. मला तेव्हाच कळलं. वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तिथेच संपलं असतं. आणि आत्ता ते कलम वाचलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं. म्हणून गाळलं. खोटं माझ्या एकटीच्या अंगावर राहिलं असतं. वाटेत पडल्या पडल्या मी एवढं ठरवलं होतं."

"तुम्ही झोपला होतात."

"झोप कुठली."

तातूमामा पुढे आला. "बाय, वाऱ्याचो हात लागलो म्हणान लिव. वारो साक्षीक येवचो नाय."

ती हसली नाही. माझ्याकडे बघत होती.

"झिलू, एकच सांग. खरं सांग. माझी दया आली होती?"

मी आठवून बघितलं, कारण तिनं खरं मागितलं होतं.

"नाही बाई. दोरी जात होती म्हणून हात गेला. तातूमामाच्या हातात असती तरी गेला असता. वैऱ्याच्या हातात असती तरी गेला असता. तुम्ही कोण ते मनातसुद्धा नव्हतं."

तिनं चष्मा लावला. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलं. सबंध दिवस पाठीवर घेतलेलं ओझं खाली ठेवल्यावर माणूस जसा दिसतो तशी ती दिसली. मग तिनं पेन घेतलं, छापील मजकुरावर एक तिरकी रेघ मारली आणि खाली मराठीत लिहिलं. लिहिलं ते मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"बोट कलली तेव्हा बोटीचा तांडेल झिलू खवणेकर याचा हात काठीला लागला. हा मासा माझ्या एकटीच्या नावावर धरू नये. कुमुदिनी शितोळे."

"आता दे अंगठा," ती म्हणाली.

माझा अंगठा त्याआधी बऱ्याच कागदांवर उठला होता आणि त्यानंतरही उठला. काय लिहिलंय ते पुरतं माहीत असलेला तो एकच.

कागदाची घडी करून तिनं माझ्या खिशात घातली. "मुंबईला पाठवण्यात अर्थ नाही. तू ठेव." मग काट्यावर लटकलेल्या माशाकडे वळली. "तुमच्या रापणीच्या हिशेबात हा मासा कोणाचा?"

"ज्यांचे हात लागले त्यांचा," मी म्हणालो. "दोघांचा."

"मग वाटा घे. नाही म्हणू नकोस. हात लागलाय तुझा."

"आणि माझो?" तातूमामा म्हणाला. "मी आकडी घातलंय."

"मामा, तुमची तर जीभसुद्धा लागली."

तेव्हा सगळे हसले आणि बंदरात पुन्हा आवाज सुरू झाला. माशाचे वाटे पडले. वाडीतल्या प्रत्येक घरी गेला, खोबरेल आणणाऱ्या म्हातारीला सगळ्यात मोठा तुकडा. मी माझा वाटा घरी नेला तर आई दारातच भांडायला उभी. बाळंतिणीला असला मासा चालतो का, अक्कल आहे का म्हणाली. बायको आतून म्हणाली, आणलाय तर बघू तरी द्या. तिनं बघितला, वास घेतला, आणि हात जोडले. का जोडले ते मी विचारलं नाही.

बाई त्यानंतर पाच वर्षं येत राहिली. शिडाचा मासा आणखी तीन वेळा लागला. दोनदा तोडून गेला. तिसऱ्यांदा, चौऱ्याऐंशी साली, लागला तेव्हा मी पंच्यानं माझे दोन्ही हात सुकाणूच्या दांड्याला बांधून घेतले. तातूमामाला म्हटलं, गाठ मार. त्यानं मारली आणि स्वतः हात पाठीमागे घेऊन बसला, पोलिसांनी पकडल्यासारखा. बाई त्रेसष्ट वर्षांची होती. एक तास दहा मिनिटं. मासा बोटीला लागला, आदल्यापेक्षा मोठा. गाठ सोडवून मी तार धरली. कोणाचाही हात लागला नव्हता, वाऱ्याचासुद्धा.

तातूमामानं आकडी उचलली.

"नको," बाई म्हणाली. ती कडेवरून वाकली, त्याच्या तोंडातली गरी काढली, आणि तोंड धरून त्याला पाण्यात पुढे-मागे हलवत राहिली. मग सोडलं. तो क्षणभर तिथेच उभा राहिला. मग शीड मिटलं आणि खाली गेला.

"बाई, कागद?" मी म्हणालो. "वजन नाही, काही नाही. मुंबईवाले कसे मानणार?"

"मुंबईवाल्यांचं काय," ती म्हणाली. "तू बघितलंस ना? मग झालं."

त्यानंतर तिचे गुडघे गेले, येणं थांबलं. पत्र यायचं. मुली मला वाचून दाखवायच्या.

पुढे आमच्या वाडीत साक्षरतेचा वर्ग निघाला. मी पन्नाशीच्या जवळ आलो होतो. मुलींहून थोडी मोठी पोरगी आम्हाला शिकवायची आणि पाटीवरचं चुकलं की रागवायची. जोडाक्षरांपर्यंत आलो तेव्हा मी ट्रंकेतून तो कागद काढला. शाळेच्या पुस्तकानंतर मी वाचलेली पहिली गोष्ट ती. इंग्रजीवर तिरकी रेघ, खाली मराठीच्या तीन ओळी, त्याखाली माझा अंगठा. बोट ठेवून ठेवून वाचल्या. त्या दिवशी बंदरावर तिनं जे वाचून दाखवलं होतं तेच लिहिलेलं होतं, अक्षर न् अक्षर. तिनं काहीही लिहिलं असतं तरी मी अंगठा दिला असता, हे तिला माहीत होतं.

मग मी तिला पत्र लिहिलं. चार ओळी, दोन दिवस लागले. खाली पहिल्यांदा सही केली. उत्तर तिच्या पुतण्याकडून आलं.

तातूमामा सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात, घरी, झोपेत गेला. कुमुदिनीबाई शितोळे बेळगावात वारल्या, एकोणीसशे ब्याण्णव साली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. माझं पत्र त्यानंतर सहा दिवसांनी पोचलं.